शॅडोहार्टला पटवायचंय? आधी झोपा

विश्रामबागेतल्या आमच्या पोरांपैकी कुणीही 'बाल्डर्स गेट ३' हा सोबती जोडत फिरायचा व्हिडिओ गेम सुरू केला की थोड्याच दिवसांत त्यातल्या एका सोबतिणीबद्दल मला मेसेज येतो, "ताई, शॅडोहार्ट भावच देत नाय." माझा उलट प्रश्न ठरलेला, "मुक्कामाला झोपतोस का कधी?" नाहीच झोपत. रसद साठवत बसतात.

या गेममध्ये मनातलं बोलणं बहुतेक रात्रीच निघतं. लाँग रेस्टला, म्हणजे रात्रभराच्या झोपेला, रसदीचे ४० पॉइंट लागतात, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८०. खायच्या वस्तू वाटेत पेट्यापेट्यांतून सापडतात, त्या उचलत चला. मोठी लढाई किंवा मोठा निर्णय झाला की मुक्काम टाका आणि ज्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह असेल त्याच्याशी झोपण्याआधी बोला. ज्याचं मन जिंकायचंय त्याला सोबत फिरवा. छावणीत बसवून ठेवलेल्याला तुमचा चांगुलपणा सहसा कळत नाही.

सगळ्यांना खूश ठेवायचा नाद सोडा. ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजकांच्या, ग्रोव्ह नावाच्या वस्तीवर हल्ला केलात तर विल आणि कार्लाख हे सोबती दोघंही हातचे जातात. ग्रोव्ह वाचवलंत तर तिथले शिंगवाले निर्वासित, टिफ्लिंग, मेजवानी देतात, तिच्याआधी वेगळा सेव्ह करा (पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, तेव्हा झटपट सेव्हसाठी एफ फाइव्ह दाबायची सवय एरवीही बरी). गप्पा सगळ्यांशी मारा, होकार एकालाच द्या. गेल हा जादूगार सोबती जादू शिकवतो तेव्हा चुंबनाचं चित्र मनात आणलंत तर त्याला ते दिसतं. नुसती मैत्री हवी असेल तर तो पर्याय घेऊ नका.

आणि मैत्रीच हवी असेल तर कार्लाखसारखी बाई नाही. छातीतलं इंजिन इतकं तापलेलं की तिला कुणाला हात लावता येत नाही. इन्फर्नल आयर्न, म्हणजे नरकातलं लोखंड, शोधून डॅमन लोहाराला द्या, पहिल्यांदा ग्रोव्हमध्ये, मग गेमच्या दुसऱ्या अंकात लास्ट लाइट इन या सराईत. दुसऱ्या दुरुस्तीनंतर तिला मिठी मारता येते, प्रेमात नसलात तरी.

'मास इफेक्ट' या अंतराळातल्या गेममधल्या गॅरस या सोबत्याशीही मैत्री अशीच रंगते. त्याच्याशी प्रेम जुळतं ते २०१० च्या 'मास इफेक्ट २'पासून, तेही शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, बाई असेल तरच. पुरुष शेपर्ड घेतलेली पोरं उगाच हळहळतात. तिसऱ्या भागात सिटाडेल या अंतराळस्थानकावर तो बाटल्यांवर नेमबाजीची पैज लावतो. मी मुद्दाम नेम चुकवते. जिंकल्यावरची त्याची फुशारकी ऐकायलाच हवी.