फिजिओथेरपीत रुग्णाची पहिली विचारपूस आणि तपासणी कशी करावी

विचारपूस संपेपर्यंत त्रासाची दोन-तीन संभाव्य कारणे मनात तयार झालेली असावीत. ती नसतील तर पुढची तपासणी म्हणजे नुसते चाचपडणे ठरते. म्हणून सुरुवात ‘काय त्रास होतो, तुमच्या शब्दांत सांगा’ अशा मोकळ्या प्रश्नाने करावी आणि पहिली काही मिनिटे मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. छापील फॉर्म आधी पुढे ओढला की रुग्ण हो-नाही एवढेच बोलू लागतो.

दुखण्याची जागा रुग्णालाच दाखवायला सांगून शरीराच्या आकृतीवर नोंदवावी. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारा रुग्ण आणि कमरेपासून पोटरीपर्यंत तळहात फिरवणारा रुग्ण यांची तपासणी वेगवेगळ्या दिशेने जाते. मुंग्या, बधिरपणा आणि अशक्तपणा यांची नोंद वेदनेपासून वेगळी ठेवावी.

वेदनेला 0 ते 10 पैकी आकडा देण्यास सांगावे, परंतु दुखणे किती सहज चाळवते आणि किती वेळात शमते, हे त्या आकड्याहून अधिक उपयोगी असते. ‘जिना चढताना गुडघा दुखतो’ एवढ्यावर थांबू नये. किती पायऱ्यांनंतर दुखतो, तेव्हा थांबावेच लागते का आणि बसल्यावर किती वेळाने बरे वाटते, हेही विचारावे. पाच पायऱ्यांत चाळवून तासभर ठणकणाऱ्या गुडघ्याच्या त्या दिवशी मोजक्याच चाचण्या कराव्यात आणि वेदना सुरू होताच थांबावे. उलट, तीन मजले चढल्यावर दुखून दोन मिनिटांत शांत होणारा गुडघा शेवटपर्यंत वाकवून वर थोडा दाब दिल्याशिवाय किंवा उकिडवे बसवल्याशिवाय बहुधा काहीच दाखवत नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर दाहक संधिवाताची शंका घ्यावी.

धोक्याच्या खुणा संकोच न करता विचाराव्यात. कंबरदुखीबरोबर लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे किंवा दोन्ही पायांतील ताकद कमी होत जाणे यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले असेल, तर उपचार सुरू न करता रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे. कर्करोगाचा पूर्वेतिहास, विनाकारण घटलेले वजन, ताप आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांचीही चौकशी करावी. चालल्यावर दुखणारा, पण हात कसाही हलवला तरी फरक न पडणारा डावा खांदा हृदयविकाराची शंका घेण्याजोगा असतो. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, तर रक्ताची गुठळी नाही याची खात्री होईपर्यंत ती चोळू नये.

निरीक्षण मात्र रुग्ण दारातून आत येतो आणि खुर्चीवरून उठतो तेव्हापासूनच सुरू झालेले असावे, कारण तपासले जात आहे हे कळले की माणूस सावरून चालतो. काय करणार आहोत ते सांगून संमती घ्यावी आणि न दुखणारी बाजू आधी तपासावी. प्रथम रुग्णाने स्वतः केलेली हालचाल, मग आपण करून दिलेली आणि शेवटी विरोध देऊन केलेली, असा क्रम ठेवावा. खांद्याच्या पहिल्या दोन्ही हालचाली सारख्याच अडत असतील, विशेषतः हात बाहेरच्या बाजूला वळवताना, तर सांधा आखडल्याचा संशय बळावतो. आपण हात पूर्ण वर नेऊ शकतो पण रुग्ण स्वतः नेऊ शकत नाही, तेव्हा स्नायू, स्नायुबंध किंवा नस यांकडे वळावे.

हालचालीचे अंश गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाने, मोजावेत आणि ताकदीला 0 ते 5 श्रेणी द्यावी. वेदना पायात उतरत असेल तर पायाचा अंगठा वर ओढण्याची ताकद, चवड्यांवर उभे राहता येणे, स्पर्शाची जाणीव आणि गुडघा व घोटा यांचे रिफ्लेक्स (हातोडीने हलके ठोकल्यावर आपोआप येणारा झटका) तपासणे आवश्यक आहे. दुखऱ्या भागाच्या वरचा आणि खालचा सांधाही वगळू नये. खुब्याचे दुखणे केवळ गुडघ्यात जाणवू शकते. दाबून पाहणे शेवटी ठेवावे, नाहीतर तेथे चाळवलेली वेदना पुढच्या प्रत्येक चाचणीत मिसळते.

रुग्णाचा नेहमीचा त्रास जशाच्या तसा जागवणाऱ्या एक-दोन हालचाली, उदाहरणार्थ उताणे झोपवून सरळ उचलताना 40 अंशांवर दुखणारा पाय, कागदावर ठळक खूण करून लिहाव्यात. पहिल्या उपचारानंतर त्याच बैठकीत त्या पुन्हा करून पाहाव्यात आणि तपासणीनंतर दुखणे वाढले का, हे पुढच्या भेटीत आधी विचारावे.