ज्येष्ठांच्या अंगावरील सूज : या चुका टाळा

वडीलधाऱ्यांच्या पायांवर सूज दिसली की ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून ती सोडून दिली जाते, आणि हीच चूक सर्वांत महागात पडते. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून उचलल्यावर खळगा तसाच राहत असेल आणि सूज चेहरा, पोट किंवा हातांपर्यंत पोहोचली असेल, तर शरीरात मीठ व पाणी साठत आहे असे समजावे. त्यामागे बहुधा हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांचा विकार असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज कमरेखाली, पाठीच्या बाजूला साठते, त्यामुळे केवळ पाय पाहून निर्धास्त होऊ नये.

औषधांचा डबा तपासायचा राहून जातो. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनमुळे घोटे सुजतात आणि मधुमेहावरील पायोग्लिटाझोनमुळे अंगात पाणी साठते. तरीही या गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मात्र मला अधिक घातक वाटतात, कारण ती मूत्रपिंडांवर ताण आणून मीठ शरीरातच अडवतात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि नेमके त्याच दिवसांत पेजेबरोबर पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीतला) खारा बांगडा व तोरांचे (कच्च्या कैऱ्यांचे) लोणचे रोज पानात पडते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा जेवणात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

शेजाऱ्यांना गुण आला म्हणून त्यांची ‘लघवीची गोळी’ (लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध) घेणे तर कटाक्षाने टाळावे. सूज ओसरते, पण मूळ आजार झाकला जातो. शिवाय सोडियम-पोटॅशियम घटून, उभे राहताना भोवळ येऊन म्हातारे माणूस पडते आणि खुब्याचे हाड मोडून बसते. अशी गोळी सुरू करण्याआधी लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी चाचणी), अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन), यकृत व थायरॉइड यांच्या तपासण्या, तसेच ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावेत. लघवीला टिकून राहणारा फेस येत असेल किंवा दारूचे जुने व्यसन असेल, तर ते संकोच न करता सांगावे.

रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. एकाच पायाला वेदनेसह सूज आल्यास रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवावे. आडवे होताच धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्यायचे की सकाळची वाट पाहायची, या चर्चेत रात्र न घालवता १०८ या रुग्णवाहिका सेवेला फोन करावा आणि चालू औषधांची पिशवी सोबत घ्यावी.