जुन्या दगडी कचेरीचा वास्तुविशारद कसा शोधायचा

धुळे-जळगावकडची काळ्या दगडाची जुनी कचेरी कोणी बांधली म्हणून विचारा, 'इंग्रजांनी' एवढंच उत्तर मिळतं. थोडं वाचलेला माणूस जॉर्ज विटेटचं नाव घेतो, कारण गेटवे त्याचा. त्याच्या आधीचा जॉन बेग कुणाला आठवत नाही.

आधी तारखा जुळवा. स्कॉटलंडचा बेग दक्षिण आफ्रिकेत काम करून १९०१ मध्ये मुंबई सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट, म्हणजे सल्लागार वास्तुविशारद, झाला. त्याचा मदतनीस विटेट १९०४ मध्ये आला. १९०८ मध्ये बेग हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि मुंबईचं काम विटेटकडे आलं. इमारतीच्या नकाशावर नुसता हुद्दा असेल, नाव नसेल, तर माणूस तारखेवरूनच ठरतो. १९०१ च्या आधीच्या इमारतीला दोघांपैकी कुणाचंही नाव लावू नका.

कोनशिलेवर फार विसंबू नका. तिच्यावर बहुधा साहेबाचं नाव असतं, आराखडा करणाऱ्याचं नसतं. शिवाय पाया आणि पूर्तता यांत वर्षं जातात: बेगचंच मुंबईचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी, १९०४ ला सुरू होऊन १९१३ ला पुरं झालं.

मग कागद. मुंबईच्या पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे खंड वर्षवार मागा. इथे नवखे हमखास चुकतात. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, म्हणून त्याआधी नुसतं 'खानदेश' शोधायचं, नंतर जळगावसाठी 'पूर्व खानदेश' आणि धुळ्यासाठी 'पश्चिम खानदेश'. इंग्रजी सूचीत धुळे 'धुलिया' म्हणून सापडतं. भुसावळची रेल्वेची घरं या खंडांत शोधत बसू नका. ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या रेल्वे कंपनीची, तिचं दप्तर वेगळं.

नकाशावर एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची सही दिसली म्हणून आराखडा त्याचाच, असं नाही. सही मंजुरीचीही असते. शाळा आणि डाकबंगले तर पुष्कळदा ठरावीक नमुन्यावरच उठवलेले. तिथे वास्तुविशारद शोधणं म्हणजे छापील फॉर्मचा लेखक शोधणं.

मापं घेताना एक सांभाळा. 'इंचाला ८ फूट' म्हणजे १:९६. पण झेरॉक्स लहान-मोठी झालेली असते, तेव्हा पट्टी कागदावर न लावता नकाशात काढलेल्या मोजपट्टीशी ताडा. प्रत्यक्ष भिंत आणि नकाशा यांत फरक निघाला, तर दाराची कमान आणि खिडक्यांमधलं अंतर तपासा. ते जुळलं आणि व्हरांडाच जुळला नाही, तर व्हरांडा मागाहून जोडलेला असू शकतो.

छताची गर्डरही बोलते. तिच्यावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. 'टाटा' दिसलं तर ती १९१२ च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरचं पोलाद तेव्हापासूनचं. मात्र गर्डर दुरुस्तीत बदललेली असू शकते. तिच्या टोकाशी भिंतीचा चुना जुनाच आहे की तिथे सिमेंट भरलंय, ते बघा. लिंबू पिळून फेस आला म्हणजे चुना, ही गवंड्याची परीक्षा इथे फसते. जुनं सिमेंट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि तेही फेसाळतं. त्यापेक्षा रंग पाहा, नखाने खरवडा: चुना सहसा भुरभुरतो, सिमेंट दाद देत नाही.

कागदावर हुद्दा, तारीख आणि गावाचं नाव तिन्ही जमले, तरच नाव लिहा. दोनच जमले तर 'बांधकाम खात्याचं काम' एवढंच लिहा.