पीएक्सई असेल तर घरी नजर कशी तपासावी

मला पीएक्सई आहे, म्हणजे स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम हा आनुवंशिक आजार. एबीसीसी६ जनुकातल्या दोषामुळे डोळ्याच्या पडद्याखालच्या पातळ थरात कॅल्शियम साचतं. थर कडक होऊन तडकतो, फटींतून नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि गळतात.

म्हणून आमच्या फ्रिजवर अ‍ॅम्सलरचा चौकटींचा कागद लावलाय. चहा उकळेपर्यंत तपासून होतं. वाचायचा चष्मा लावा, फूटभर अंतरावर उभे राहा, एक डोळा न दाबता तळहाताने झाका आणि मधल्या ठिपक्यावरच नजर ठेवा. मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवलेत तर चांगला डोळा दुसऱ्याचं दुखणं झाकून नेतो. रेघ वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांना फोन करा. वेळेवर घेतलेल्या इंजेक्शनांनी नजर टिकू शकते.

डोळ्याला मार बसला तर हा कडक थर फाटू शकतो, म्हणून बॉक्सिंग, कराटे नकोच. सख्ख्या भावंडांचेही डोळे तपासून घ्या, या आजारात मानेवर येणारं पिवळसर पुरळ त्यांना नसलं तरी.