यूकेत ट्रॅक्टरमागे अडकलात? डबल व्हाइट लाइनवर या चुका टाळा

घाटात ट्रकमागे अडकलो की हॉर्न मारायचा, गाडीचं नाक जरा उजवीकडे काढून बघायचं आणि दामटायची, ही आपली सवय. यूकेत पण डावीकडूनच चालवतात, मग वाटतं सगळं सेमच असणार. तसं नाहीये.

मधोमध दोन पांढऱ्या रेघा असतील तर आपल्या बाजूची बघायची. ती सलग असेल तर ओलांडायची नाही, तिच्यावर चाकसुद्धा चढवायचं नाही. आपली तुटक आणि पलीकडची सलग असेल तर ओव्हरटेक चालतं, पण आपली रेघ सलग व्हायच्या आत परत आत यायचं, आणि इथेच लोक फसतात कारण रेघ कुठे बदलते तिकडे लक्षच नसतं. रस्त्यावर डावीकडे वळणारे पांढरे बाण दिसले की समजा वेळ संपत आली.

सगळ्यात कॉमन चूक ट्रॅक्टरची. "स्लो गाडी असेल तर सलग रेघ ओलांडली तरी चालते" असं कोणीतरी सांगितलेलं असतं, ते अर्धवट आहे. हायवे कोडच्या (तिथल्या रस्ता-नियमांच्या पुस्तकाच्या) नियम 129 मध्ये सूट आहे ती सायकल, घोडा आणि रस्त्याच्या मेंटेनन्सच्या गाडीला ओव्हरटेक करायला, तेही ते ताशी 10 मैल (साधारण 16 किमी) किंवा त्याहून हळू चालले असतील आणि समोरचा रस्ता मोकळा असेल तरच. शिवाय थांबलेल्या गाडीला वळसा घालता येतो. ट्रॅक्टर त्यात नाही, 8 मैलांनी रखडत चालला असला तरी नाही! सायकलवाला चढावर धापा टाकतोय तोवर ठीक, तोच उतारावर 20 ने सुटला की सूट गेली. घोड्याजवळून ताशी 10 मैलांच्या आत, किमान 2 मीटर लांबून जा, आणि प्लीज हॉर्न नको.

फोन घ्यायला डबल व्हाइट लाइनच्या रस्त्यावर कडेला थांबणं पण चालत नाही, आपल्या बाजूची रेघ तुटक असली तरी. पॅसेंजर चढवायला-उतरवायला किंवा सामान भरायला-काढायला थांबू शकता.

हे नियम मोडले तर दंड बहुतेक वेळा 100 पौंड आणि लायसन्सवर 3 पेनल्टी पॉइंट. नवीन लायसन्सवाल्यांनो, टेस्ट पास झाल्यापासून 2 वर्षांत 6 पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत लर्नरपासून सुरुवात.

ट्रॅक्टरला चिकटून चालवू नका, मागे राहिलात तर पुढची रेघ लवकर दिसते, आणि बऱ्याचदा तो बाबा पुढच्या शेताच्या फाटकात वळतोच.