जपानी स्थलांतरित कुटुंबातून अकाली गेलेल्या भावंडाचा माग कसा काढावा

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी पोचलेल्या जपानी कुटुंबाचा इतिहास लिहिताना, मग ते घराणे नात्यातले असो वा अभ्यासाचा विषय, लहानपणीच गेलेले मूल बहुधा सर्वांत शेवटी सापडते. आईवडील त्याविषयी फारसे बोललेले नसतात आणि मागे राहिलेली भावंडे वय झाल्यावरही विषय टाळतात. म्हणून आधी कागद पाहावेत आणि मगच माणसांकडे जावे. मोघम प्रश्नाने म्हाताऱ्या बहिणीला केवळ त्रास होतो. भावाचे नाव घेऊन विचारले, तर ती निदान त्या नावापाशी थांबते.

सुरुवात जनगणनेपासून करावी. १९०० आणि १९१० च्या अमेरिकी जनगणनेत विवाहित स्त्रियांना एकूण किती मुले झाली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, असे दोन प्रश्न विचारलेले आहेत. या दोन आकड्यांत फरक असेल, तर शोध कशाचा घ्यायचा हे तिथेच कळते. १९२० च्या जनगणनेत हे प्रश्न नाहीत. तेथे नावांच्या क्रमाचा उपयोग होतो. इचिरो हे नाव सामान्यतः थोरल्या मुलाचे, जिरो दुसऱ्याचे, साबुरो तिसऱ्याचे. घरात जिरो आणि साबुरो नोंदलेले असून इचिरो कुठेच नसेल, तर त्याचा शोध घ्यावा. मात्र तो वारलाच असे धरून चालू नये. आईवडील दोघेही दिवसभर मजुरी करत असल्याने पुष्कळ कुटुंबांनी एखाद्या मुलाला जपानात हिरोशिमा किंवा वाकायामाकडे आजीआजोबांपाशी वाढायला पाठवले होते, आणि १९४१ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर अशा भावंडांची वर्षानुवर्षे ताटातूट झाली. त्यामुळे जहाजांच्या प्रवासी याद्या तपासल्याशिवाय मृत्यूची नोंद करू नये.

यानंतर जमिनीचे आणि न्यायालयाचे कागद. नागरिकत्व मिळण्यास अपात्र ठरवलेल्या परकीयांना (जपानी त्यांतच मोडत) कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने जमीन विकत घेता येईना, तेव्हा काही पालकांनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे खरेदी केली. रिव्हरसाइड येथील जुकिची आणि केन हराडा यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. दाटीवाटीच्या भाड्याच्या जागेत राहत असताना त्यांचा एक लहान मुलगा घटसर्पाने दगावला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी लेमन स्ट्रीटवर घर घेतले, तेही मीने, सुमी आणि योशिझो या तीन मुलांच्या नावे. शेजाऱ्यांच्या विरोधातून खटला उभा राहिला आणि १९१८ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला. खरेदीखतात हयात भावंडांचीच नावे आहेत. परंतु ते घर का घेतले गेले, हे गेलेल्या भावाची नोंद पाहिल्याशिवाय समजत नाही. खरेदीखताच्या तारखेआधीच्या काही वर्षांतील मृत्यूनोंदी चाळाव्यात, त्या याचसाठी.

जपानमधील कुटुंबनोंद, म्हणजे कोसेकी, मूळ गावाच्या नगरपालिकेत मिळते. त्या मुलाच्या आईवडिलांचा थेट वंशज म्हणून अर्ज करावा. गावाचे नाव ठाऊक नसल्यास थडगे पाहावे, कारण पहिल्या पिढीच्या थडग्यांवर पुष्कळदा प्रांत आणि गाव कोरलेले असते. बौद्ध मरणोत्तर नावाच्या शेवटी ‘दोजी’ असेल तर ते मुलाचे आणि ‘दोन्यो’ असेल तर मुलीचे थडगे समजावे. १ डिसेंबर १९२४ नंतर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाची नोंद मात्र पालकांनी मुदतीत केली असेल तरच कोसेकीत सापडेल. युद्धकाळात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना ज्या छावण्यांत डांबले, तेथे १९४२ पासून गेलेल्या मुलांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील याद्या पाहाव्यात.

एवढे हाती आल्यावर हयात भावंडाला भेटावे. “तुम्हाला काय वाटले?” असे विचारू नये. रात्री कोण कोणाशेजारी झोपत असे, धाकट्याला पाठुंगळी कोण घेई, थोरल्याच्या वाट्याचे काम पुढे कोणाकडे गेले, असे विचारावे. शवपेटीभोवती सर्वांना उभे करून छायाचित्र काढण्याची आणि ते जपानला पाठवण्याची पद्धत होती. तसे छायाचित्र घरात असेल, तर पुढच्या रांगेतील मुले कोण, हे त्यांच्याकडूनच उतरवून घ्यावे, आणि त्यांनी ते बाजूला ठेवले की आपणही पुढे विचारू नये. अखेरीस वंशावळ मांडताना त्या मुलाला तळटीपेत ढकलू नये. जन्मक्रमाने जी जागा त्याची, तीच द्यावी.