पॅरिसला गेलात तर वाल-द-ग्रासमधलं फौजी डॉक्टरांचं सामान कसं बघायचं

पॅरिसला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक आयफेल टॉवर, लूव्र आणि नदीतली बोट एवढं उरकून परत येतात, आणि मला दरवेळी वाटतं की अरे कुणीतरी वाल-द-ग्रासला पण जा ना. जुना मठ आहे तो. फ्रान्सच्या राणी ॲनला लग्नानंतर 23 वर्षांनी 1638 मध्ये मुलगा झाला, तोच पुढचा चौदावा लुई, आणि नवस फेडायला तिने इथे घुमटवालं मोठं चर्च बांधायला घेतलं. फ्रेंच क्रांतीत नन्सना बाहेर काढून तिथे मिलिटरी हॉस्पिटल केलं. ते हॉस्पिटल 2016 ला बंद झालं, पण जुन्या मठात फौजेच्या वैद्यकीय सेवेचं म्युझियम आहे. पोर-रॉयाल स्टेशनवर उतरलात की चालत जाता येतं. फक्त जागा आर्मीची आहे, म्हणून आदल्या दिवशी चालू आहे का आणि वेळ काय ते नक्की बघून घ्या आणि पासपोर्ट जवळ असू द्या.

आता बघायचं कसं. माझी पद्धत एकच आहे, प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून आधी जखमी माणूस कुठे पडला होता ते डोक्यात आणायचं, डॉक्टरचा विचार नंतर. नाहीतर सगळं जुन्या लोखंडाच्या दुकानासारखं दिसतं आणि वीस मिनिटांत बाहेर.

सुरुवात आवारातल्या पुतळ्यापासून करा. तो दोमिनिक लारे, नेपोलियनच्या फौजेतला सर्जन. त्याच्या आधी नियम असा होता की जखमींच्या गाड्या लढाईपासून चारेक किलोमीटर मागे थांबायच्या आणि लढाई संपल्यावर पुढे यायच्या, म्हणजे माणूस दिवसदिवस चिखलात पडून. लारेने 1792 पासून हलक्या, घोड्यांच्या गाड्या थेट लढाई चालू असताना आत न्यायला सुरुवात केली, त्यांना ‘उडत्या ॲम्ब्युलन्स’ म्हणायचे. आणि ज्याची जखम जास्त त्याचा नंबर आधी, मग तो अधिकारी असो, साधा शिपाई असो की शत्रूचा. त्या गाडीचं मॉडेल किंवा चित्र समोर आलं की नुसतं चाकं किती ते मोजत बसू नका, आत माणूस कसा झोपायचा, खड्ड्यातून गाडी गेली की त्याच्या मोडलेल्या पायाचं काय व्हायचं हे बघा. 1812 च्या बोरोदिनोच्या लढाईत लारेने 24 तासांत 200 च्या आसपास हातपाय कापले असं सांगतात, आणि तेव्हा भूल नव्हती. भूल द्यायचं ईथर आलं 1846 ला.

मग ऑपरेशनच्या पेट्यांकडे या. इथे घाई करू नका प्लीज. पाय कापायची करवत दिसेल, तिची मूठ नीट बघा. लाकडाची असेल आणि त्यावर आडव्याउभ्या रेघांची जाळी कोरलेली असेल तर ती नक्षी नाहीये, रक्ताने हात निसटू नये म्हणून केलेली आहे. पेटीला आतून मखमल असेल तर समजा की ही जंतू माहीत नसतानाच्या काळातली, कारण मखमल काही उकळता येत नाही. आणि मूठ पात्यासकट सगळी धातूची, गुळगुळीत असेल तर ती ढोबळमानाने 1890 च्या पुढची, वाफेत टाकून निर्जंतुक करता यावी म्हणून लाकूड आणि हस्तिदंत काढून टाकलेलं. एवढी एक खूण लक्षात ठेवली ना तरी कुठल्याही देशातल्या म्युझियममध्ये पाटी न वाचता काळ ओळखता येतो, आणि इथे पाट्या फ्रेंचमध्ये असल्या तरी अडत नाही. शेजारी पट्ट्याला पितळी स्क्रू लावलेलं काही दिसलं तर ते रक्त थांबवायचं साधन, पेती नावाच्या फ्रेंच सर्जनचं, 1718 चं. स्क्रू फिरवला की पट्टा मांडीवर आवळत जायचा, म्हणजे दोरी पिळत धरून बसायला वेगळा माणूस लागायचा नाही.

पहिल्या महायुद्धाचा भाग शेवटी ठेवा, आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना बाहेरच थांबवा. तिथे जखमी सैनिकांच्या चेहऱ्यांचे साचे आहेत, खऱ्या चेहऱ्यावरून घेतलेले, वर रंग दिलेले. खंदकात अंग जमिनीखाली आणि डोकं वर, त्यामुळे जबडा नाही, नाक नाही अशी माणसं हजारोंनी आली. इथला सर्जन मोरेस्तँ त्यांचे चेहरे पुन्हा उभे करायचा, त्याचं काम बघूनच इंग्लंडच्या गिलीज नावाच्या सर्जनने पुढे प्लास्टिक सर्जरी हाती घेतली. एकाच माणसाचे आधीचे आणि नंतरचे साचे असतील तर दोन्ही शेजारी धरून बघा. फोटो काढू नका असं मी म्हणेन, परवानगी असली तरी.

आणि नाक नव्याने केलेला चेहरा दिसला तर आधी कपाळ बघा. तिथे व्रण असेल तर कपाळाची कातडी खाली वळवून नाक केलंय, आणि या पद्धतीला युरोपात ‘इंडियन’ म्हणतात ती आपल्या पुण्यामुळे. 1792 च्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा बैलवाला टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला नवीन नाक लावून दिलं, दोन इंग्रज डॉक्टरांच्या समोर. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करायचा, तो कपाळावर सपाट ठेवून कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तशीच ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं, मग खाली वळवून बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, पाचसहा एकावर एक, आणि चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पानाला लावतो तोच कात! 1794 ला लंडनच्या मासिकात हे चित्रासकट छापून आलं, ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये तिकडे पहिल्यांदा करून बघितलं. त्या चित्रातसुद्धा कावसजीच्या कपाळावरचा व्रण स्पष्ट काढलाय, जायच्या आधी मोबाईलवर सेव्ह करून न्या आणि साच्यांसमोर उभं राहून उघडा.